खांबाखालची काळी माती

"कोनी हात तं नाई लावला ना?"

फाटकातून मी आत पाऊल टाकलं की काका आधी हे विचारायचे. ये, बस, पाणी घे, हे सगळं मागाहून. प्रश्न मला असला तरी नजर अंगणातल्या टीव्हीच्या छत्रीवर, म्हणजे डिशवर असायची. असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेलच, ज्याला मांजर आडवं गेलं तरी ते कोणी पाठवलं हा प्रश्न पडतो.

तेव्हा खामगावात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. खेड्यात केबल पोचली नव्हती. पिंपळगाव राजाच्या या काकांनी थेट मोटरवर फिरणारी जाळीची मोठी छत्री मागवली. घरात बटण दाबलं की ती पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत मान वळवायची आणि एकेक उपग्रह धरायची. काकांना हव्या होत्या परदेशी कुस्त्या, ज्या अगदी पश्चिमेच्या टोकाच्या उपग्रहावर दिसत. त्या पैलवानांवरही काकांचा विश्वास नव्हता. "आधीच ठरवून पडून राह्यले हे," असं पुटपुटत ते तासन्‌तास बघत.

छत्री गच्चीवर बसवू, असं मी सुचवलं.

"वरतं? अन् मी खाली? तठी कोन काय करीन, मले काय दिसते?"

म्हणून छत्री अंगणात, त्यांच्या खाटेच्या समोर उभी करायचं ठरलं. जमीन काळी, म्हणजे पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. मुरूम लागेपर्यंत खणायला हवं, नाहीतर खांब कलेल, असं मी बजावलं. खड्डा गुडघाभर झाला तसे काका खाटेवरून उठून काठावर येऊन उभे राहिले.

"काऊन बे मेकॅनिक, इतकं खोल? माह्या आज्यानं अठी काई पुरलं, असं तुले कोनं सांगतलं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. खड्डा तिथंच थांबला, आणि त्यातच खांब रोवावा लागला. वर प्रत्येक नटबोल्टवर काकांनी सुनेच्या नखपॉलिशची रेघ ओढली. कोणी पाना लावला तर रेघ मोडेल, हा हिशेब. पाना फक्त माझ्याकडे होता, त्यामुळे रेघा कोणासाठी होत्या ते मला कळलं.

एक पावसाळा गेला आणि कुस्त्यांच्या जागी पडद्यावर मुंग्या आल्या. पश्चिमेला काकांची भिंत, आणि भिंतीपलीकडे त्यांच्या धाकट्या भावाचं घर. झालं! भिंतीवरून बांबू घालून छत्री ढकलली, असं काकांनी ठरवून टाकलं आणि भावाशी बोलणं बंद केलं. त्यात भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. काकांनी निरोप धाडला, "आधी कबूल कर, मंगच मांडवात येतो."

मी दुरुस्तीला गेलो तेव्हा धाकट्यानं मला फाटकाबाहेरच गाठलं. चांगला थोराड माणूस, पण डोळे भरले होते.

"दादा नसन तं पोरीवर पह्यली अक्षत कोन टाकीन? म्या त्या छत्रीले बोट नाई लावलं. तुमीच सांगा त्याले."

सांगतो म्हणालो खरा. पण काकांच्या शेजारी बसलं की भिंतीपलीकडचा बांबू मलाही चोर वाटायला लागे. तो विचार झटकून मी छत्री उलट्या टोकाला, पूर्वेला फिरवली. तिथंही मुंग्या! मधला उपग्रह मात्र स्वच्छ; छत्री ढकलली असती तर तोही गेला असता. रेघा सगळ्या शाबूत. म्हणजे छत्री कोणी हलवली नव्हती, खांबच काळ्या मातीत कलला होता.

धाकट्याकडे लग्नासाठी नवा ओटा बांधायचं काम चाललं होतं. तिथल्या गवंड्याचा ओळंबा आणून मी खांबाला लावला. खांब चांगला दोन बोटं कललेला.

"ओळंबा कोनाचा हाय?" काकांनी विचारलं.

"शेजारून आणला."

"मंग! त्याच्या घरचा ओळंबा, त्याच्याच बाजूनं बोलन."

आता मात्र माझं टाळकं सरकलं. "काका, तुमच्या खाटेची सुतळी घ्या, तुमच्या अंगणातला दगड घ्या. मी हातसुद्धा लावत नाही."

काकांनी खरंच सुतळी काढली. दगड बांधला, स्टुलावर चढून खांबाच्या गळ्याशी गाठ मारली आणि खाली येऊन एक डोळा मिटून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आता काय करा लागन?"

"मुरमापर्यंत खणावं लागेल. तेव्हा सांगितलं होतं तेच."

काका भिंतीपाशी गेले.

"लहान्या! इकडं ये. अठी उभा राह्य."

धाकटा धावतच आला. "काऊन दादा?"

"आज्याचं काई निघालं तं अर्धं तुहं. उद्या म्हनशीन, दादानं दाबून ठेवलं."

माफी मागायच्या नाना तऱ्हा मी पाहिल्यात, अशी दुसरी पाहिली नाही. साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या या माणसाला एकच भीती होती, की भावानं आपल्यावर संशय घेऊ नये. त्या दिवशी काका मला फार आवडले.

खणताना दोघं भाऊ काठावर वाकून उभे होते. शेवटी मुरूम लागला, आणि एक फुटकं खापर निघालं. धाकटा म्हणाला, "दादा, माह्या वाट्याचं अर्धं दे." काका इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

पहिली अक्षत काकांनीच टाकली. जेवणाची पंगत बसली तेव्हा मात्र हळूच उठून छत्री बघून आले.

पुढे घरोघरी छोट्या छत्र्या आल्या, माझं काम सुटलं, आणि काकाही गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या खाटेवर धाकटा बसला होता. मोठ्या छत्रीची जाळी गंजली होती, तिच्यावर वालाचा वेल चढवला होता. खांब सरळ होता, आणि त्याच्या गळ्याशी ती सुतळी, खाली तो दगड.

सवयीनं मी झुलणारा दगड धरून थांबवायला गेलो.

"हात नका लावू," धाकटा म्हणाला. "दादानं बांधला हाय."

मी हात मागे घेतला आणि त्याच्या शेजारी खाटेवर बसलो.