ग्रीसखालचा नंबर

वाघोलीच्या आमच्या आवारात, चिंचेखाली, आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ट्रक उभा असायचा. कॉलेजातून आल्यावर दुपारी मी हौद्यात ताडपत्री अंथरून आडवी व्हायचे. चिंचेची बारीक पानं अंगावर पडत राहायची, आणि थोड्या वेळानं वाटायचं, की झाड जागेवरच आहे, ट्रक मात्र हळूहळू निघालाय. असा पुष्कळ प्रवास मी केला आहे, आवाराच्या फाटकाबाहेर न पडता. अजूनही झोप लागता लागता कधीतरी तो ट्रक सुरू होतो.

तो आप्पांचा पहिला ट्रक. पुढं आणखी आले, पण घरात ‘गाडी’ म्हणजे तोच. बाकीचे सगळे ‘ती दुसरी’.

हिंजवडीला तेव्हा उसाच्या शेतांतून काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, तिथं काचा पोचवायचं काम मिळवलं. अट एकच, प्रत्येक गाडीची आरटीओची तपासणी, म्हणजे आमच्या भाषेत पासिंग, चोख हवी. दादाला जुनी गाडी नकोच होती. ती मोडीत घालून नवी घ्यायची त्याची इच्छा. बरेच दिवस ताटावर वाद झाले आणि शेवटी एकदाचं ठरलं.

“यंदा पास झाली तर राहील,” दादा म्हणाला. “नापास झाली तर भंगारात. मग रडायचं नाही.”

“रडतंय कोण? दहावीच्या निकालाला तूच रडला व्हतास,” आप्पा म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

तयारी सुरू झाली. मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेला असल्यामुळे ‘सेफ्टी’ हा विषय आपोआप माझ्याकडे आला. ट्रकची मला असलेली माहिती म्हणजे हौद्यात झोप चांगली लागते, एवढीच. मी सुरक्षेच्या नियमांचं रंगीत पत्रक छापून आणलं. वर ट्रकचं झोकदार चित्र टाकलं. आप्पा ते बराच वेळ निरखत राहिले.

“ही गाडी नापास हाय.”

“का?”

“हिचं स्टेअरिंग उलट्या बाजूला हाय.”

चित्र परदेशातलं होतं. त्यानंतर सेफ्टी खात्याचं म्हणणं घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. प्रथमोपचाराची पेटी आईकडे गेली. तिनं कापूस आणि पट्ट्यांशेजारी ओवा, सुंठ आणि हळदीची पुडी भरली. मी हरकत घेतली तर म्हणाली, “ड्रायव्हरचं पोट बिघडलं तर पट्टी कुठं बांधणार आहेस?”

दादा लांबून बघायचा. पण ब्रेक त्यानं स्वतः खोलून नीट केले. “नापास व्हायचीच तर ब्रेकवर नको,” म्हणाला. “घराण्याची अब्रू जाईल.”

शेवटचं काम रंगाचं. दरवर्षी पासिंगच्या आधी गाडीला नवा रंग लागायचा, सणाला घराला लागतो तसा. कुठल्या वर्षी कुठला, ते आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेलंय. त्या वर्षी लाल होता, एवढं नक्की. रंगाऱ्याला बोलवायच्या आधी आप्पा वाकून गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, चासीवर, कोरलेल्या नंबरला बोटानं जाड ग्रीस फासायचे. ग्रीसवर रंग बसत नाही. मग पासिंगला ते पुसलं, की नंबर जसाच्या तसा.

पासिंगच्या दिवशी आम्ही सगळे आरटीओच्या मैदानात गेलो, डबा घेऊन. जणू पाहुणे पोरगी बघायला यायचे होते. तपासणीचे साहेब शांत होते. दिवे पाहिले, हॉर्न ऐकला, ब्रेक तपासले. ओव्याचा वास घेऊन पेटी बंद केली. मग चासीच्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायला, म्हणजे त्याची छाप घ्यायला, वाकले. तिथं नुसता गुळगुळीत लाल रंग.

“गाडी चकाचक आहे,” साहेब म्हणाले. “आता फक्त ती तुमचीच आहे, एवढं दाखवा.”

आप्पा वाकले, हात फिरवला. “ग्रीस लावलं व्हतं की मी!”

“ते काळं?” आई मागून म्हणाली. “ते मी रॉकेलच्या फडक्यानं पुसलं, रंगारी यायच्या आधी. साहेब वाकून बघणार म्हणाला होतात ना? एवढा मळ दिसला असता त्यांना!”

आप्पांनी कपाळावर हात मारला.

“मग सांगायचं ना, तो मळ कामाचा आहे म्हणून!” आई म्हणाली.

साहेबांनी कागदाची घडी केली. “पुढच्या दोन गाड्या बघून येतो. तोवर नंबर दिसला तर ठीक.”

आप्पा गाडीला टेकून उभे राहिले. ऊन त्या ताज्या लाल रंगावरून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर येत होतं, आणि ते गाडीचाच एखादा भाग असल्यासारखे दिसत होते. दादा त्यांच्याकडे बघत होता. त्यानं काहीच करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं, की नवी गाडी दारात. हिंजवडीच्या लोकांना भेटायला म्हणून त्यानं नवा शर्ट घातला होता.

त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, शेजारच्या ड्रायव्हरकडून थिनर आणि पॉलिश पेपर मागून आणला आणि सरळ चाकामागे शिरला.

“अरे, शर्ट!” आई ओरडली.

“तू पुसशील की,” खालून आवाज आला.

घाईत त्यानं आजूबाजूचंही खरवडलं. मी वाकून पाहत होते. लालखाली निळा निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली कसलासा पिवळा, जो मी लहान असतानाचा असणार. आमची सगळी वर्षं तिथं एकावर एक निजली होती. त्यांच्या मधोमध, झोपेतून डोळे उघडावेत तसा, एकेक आकडा वर आला.

साहेबांनी छाप घेतली, निरखली आणि मान हलवली. गाडी पास झाली. आप्पा दादाला एवढंच म्हणाले, “जेवून घे.” आणि डब्यातली पहिली भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

पहिल्या खेपेला आप्पांनी मला केबिनमध्ये बसवून घेतलं. मागं तिरक्या चौकटींवर काचा बांधलेल्या होत्या. वळून पाहिलं की त्यांत ढग दिसायचे, झाडं दिसायची, एखादी घार. पुण्याचं आभाळ आम्ही हिंजवडीला पोचवायला निघालो होतो, तेही इतक्या हळू, की मला चिंचेखालची दुपार आठवली. फरक एवढाच, की गाडी या वेळी खरोखर चालत होती.

आप्पा सारखे बाजूच्या आरशात बघत होते.

“मागनं मोटारसायकलवर दादाच येतोय का?”

“हो.”

“काचा बघतोय, का गाडी?”

मी वळून पाहिलं.

“गाडी,” मी म्हणाले.