चौपन्न दात्यांचं चाक

बाबांच्या सायकलला इंजिन बसवायचं ठरलं तेव्हा आमच्या ओटीवर तिघांची बैठक बसली: बाबा, मी आणि कोळीवाड्यातले मिस्त्री. तिघांपैकी दोघांना आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं, आणि त्यातली एक मी होते.

बाबांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. आमची नारळ-सुपारीची वाडी समुद्राला लागून आहे आणि बोर्ली पंचतनचा बाजार खिंडीपलीकडे. चाळीस वर्षं बाबा आठवड्यातून दोनदा कॅरिअरला नारळांचं पोतं आणि केळीच्या पानांचे भारे बांधून बोर्लीला गेले. चढ आला की खाली उतरून सायकल ढकलायचे, आणि पलीकडचा उतारही हँडल घट्ट धरून चालतच उतरायचे. भरल्या सायकलवर बसून खिंड उतरायची नाही हा त्यांचा नेम होता. आई गेल्यावर तर नारळ नुसतं निमित्त उरलं. बाजारातल्या चहाच्या टपरीवर त्यांच्या वयाचे चारजण जमत. बाबा तिथे भांडायचे, हसायचे आणि दोन दिवस पुरतील एवढ्या बातम्या घेऊन घरी यायचे.

मग गुडघ्यांनी दगा दिला. आधी एक फेरी बंद झाली, पावसाळ्यानंतर दुसरीही. बाबा ओटीवर बसून राहू लागले, जेवण अर्धं टाकू लागले. आईसुद्धा शेवटच्या वर्षी अशीच हळूहळू घरात मिटत गेली होती, म्हणून मी घाबरले होते. स्कूटर आणून पाहिली, ती त्यांनी पहिल्याच दिवशी कुंपणात घातली. एसटीची पायरी उंच, आणि भारे बघून कंडक्टर कपाळाला आठ्या घालतो. सायकल मात्र त्यांना सपाटीवर अजून छान चालवता येत होती. चढापुरतं कुणीतरी ढकलायला हवं होतं, एवढंच.

मिस्त्री बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी दोन इंजिनं समोर ठेवली. एक आमच्याच वाडीतल्या जुन्या पाण्याच्या पंपाचं, जड, संथ आणि भरवशाचं. दुसरं गवत कापायच्या मशीनचं, एका हातात उचलता येईल इतकं हलकं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं आणि भलतंच वेगाने फिरणारं. मिस्त्रींचा जीव पंपाच्या इंजिनावर होता. ते उचलून सायकलवर ठेवलं तर सायकल स्टँडसकट कलली, तेव्हा मी गवताच्या मशीनची बाजू लावून धरली आणि तेच ठरलं. बाबा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

मी हायस्कुलात गणित शिकवते, संध्याकाळी घरी शिकवणीही घेते. गुणोत्तर हा माझा लाडका धडा. इंजिन वेड्यासारखं फिरतं, चाक मात्र सावकाश पण जोराने फिरायला हवं. म्हणून इंजिनाकडे कमी दात्यांचं चाक, मागे जास्त दात्यांचं, आणि मधे चेन. मागचे दाते जितके जास्त, तितका वेग कमी आणि चढायला जोर जास्त. मिस्त्रींनी आधी पुढे नऊ आणि मागे छत्तीस दाते लावले. ओहोटीच्या वेळी पुळणीच्या घट्ट वाळूवर सायकल अशी पळाली की बाबांची टोपी उडाली. खिंडीत मात्र पाव चढावरच इंजिन गुदमरलं आणि क्लचचा जळका वास सुटला. मी फळ्यावर लिहावं तसं वहीत मांडलं आणि जाहीर केलं की मागे चौपन्न हवेत. मिस्त्री वहीकडे आदराने बघत राहिले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

चौपन्न दात्यांचं चाक मोठं होतं. ते बसवल्यावर चेन मागच्या ब्रेकच्या दांडीला घासायला लागली. मिस्त्रींनी थोडं वाकवून पाहिलं, थोडं कानशीने घासलं, आणि मग मागचा ब्रेक अख्खा सोडवून बाजूला ठेवला. मी शाळेतून आले तेव्हा ब्रेकची ती सळी पायरीवर पडली होती. मी विचारलं, याचं काय.

“म्होरचा हाय ना, बाय,” मिस्त्री म्हणाले. “आनि थांबायचंच तर थ्रॉटल सोडायचा. बोटीला कुठं बरेक असतो?”

त्यांचं आयुष्य पाण्यावर गेलं होतं. पाण्यावर इंजिनाचा जोर काढून घेतला की बोट आपली आपण मंदावते, पाणीच तिला धरतं. त्यांनी जन्मभर फक्त पुढे जाण्याचा विचार केला होता, थांबण्याचा त्यांना कधी करावाच लागला नव्हता. पण मला उताराचा कोन ठाऊक होता. वजन ठाऊक होतं. थ्रॉटल सोडला की या मशीनचा क्लच सुटतो आणि इंजिन चाकाला धरून ठेवत नाही, हेही मिस्त्रींनीच मला समजावलं होतं. मी ती सळी उचलली आणि वाट मोकळी व्हावी म्हणून पडवीत नेऊन ठेवली. माझं सगळं लक्ष चढावर होतं.

सायकल खिंड चढली. मी मागून रिक्षातून जात होते आणि आनंदाने ओरडत होते. बाबांनी माथ्यावर थांबून मागे वळून पाहिलं आणि हात हलवला.

पुढचे दोन महिने घर पुन्हा बोर्लीच्या बातम्यांनी भरलं. बाबांची भूक परतली. फक्त त्यांच्या चपला फार लवकर झिजू लागल्या. महिन्याभरात दोन जोड गेले, टाचा अशा घासलेल्या की तळवा जमिनीला लागावा. मी चेष्टा केली की या वयात बाजारात नाचता की काय. ते हसले आणि पाय खुर्चीखाली घेतले. एकदा सायकल पुसताना पुढच्या चाकाच्या मडगार्डवर काळी पूड दिसली. खाऱ्या हवेने रिमवर गंज चढलेला होता, त्यावर ब्रेकचं रबर कानशीवर घासावं तसं घासत होतं. मी पूड पुसली. नवीन रबर आणायचं असं मनात म्हटलं आणि शाळेच्या परीक्षा सुरू झाल्या.

तो दिवस सकाळपासून कोंदट होता. बाबांनी नेहमीपेक्षा जास्त नारळ भरले, सणाची मागणी होती. मी म्हटलं, दोन फेऱ्या करा. ते म्हणाले, चढते ना ती, मग काय. मी शाळेत दुसऱ्या तासाला असताना रिक्षावाल्याचा फोन आला. त्याने फक्त एवढंच सांगितलं की ताई, खिंडीत या.

पलीकडच्या उतारावर दुसऱ्या वळणाला बाबा गटारात कुशीवर पडले होते. शुद्धीवर होते. नारळ रस्ताभर, काही तर पार खालच्या पुलापर्यंत गेलेले. वळणाच्या आधी डांबरावर दोन फिकट रेघा होत्या, लांबलचक, रबराच्या. चाकाच्या नव्हत्या. त्या त्यांच्या चपलांच्या होत्या. मी त्या रेघांच्या बाजूने चालत खाली आले आणि मला सगळं कळलं: दोन महिने ते उतारावर पायांनीच ब्रेक लावत होते. पुढच्या ब्रेकवर रबर उरलंच नव्हतं, लोखंड रिमला घासून चकचकीत झालं होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की भरलेली सायकल धरून चालत का उतरला नाहीत. बाबा म्हणाले, चढताना गुडघा सहन होतो, खरी कळ उतरताना येते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ज्यासाठी त्यांना मदत हवी होती तो उतार होता, आणि आम्ही दोघा हुशारांनी त्यांना चढ सोपा करून दिला होता. डॉक्टर म्हणाले की आता सायकल नाही, कधीच नाही.

गावाकडून माणसं भेटायला आली. बाबा प्रत्येकाला सांगत होते की वळणावर गाय आडवी आली. तिचा रंगही सांगत होते. मिस्त्री आले, खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी तो झिजलेला ब्रेक पाहिला होता. बाबांनी त्यांनाही तीच गाय सांगितली. मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले आणि निघताना बाबांच्या पायांना हात लावून गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी म्हटलं, “बाबा, गाय नव्हती.”

“नव्हती,” ते म्हणाले. “पण तुझ्याकडे पोरं गणित शिकायला येतात. आणि मिस्त्रीच्या हातावर विश्वास ठेवून माणसं समुद्रात जातात. मला आता कुठे जायचंय?”

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि चहा आणते म्हणून बाहेर पडले. जिन्यात मला रडू फुटलं, आणि वर येणारी माणसं मला वाट देत बाजूने जात राहिली.