अळंबी कुठं मिळाली?

हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीये, कारण हे आत्ताच सांगायला हवं! बाजारात एक मावशी पानावर अळंबी मांडून बसल्या होत्या. रानातली, वारुळापाशी उगवते ना, तीच. मी विचारलं, "कुठं मिळाली हो?" त्या पान दुमडत शांतपणे म्हणाल्या, "रानात."

मला इतकं हसू आलं! माझी आत्या अगदी हेच सांगायची. श्रावणात पहाटे ती मला घेऊन जायची, अळंबी खुडून झाली की त्या जागेवर पाला पसरायची आणि दटावायची, "कोणी इचारल्यान तर काय सांगशीत गो?"

"रानात!"

"शाब्बास. बापाशीकपण ह्याच सांगूचा."

आणि मी खरंच बाबांनाही कधी सांगितलं नाही. केवढी ऐट होती त्याची!

यंदा आत्याचे गुडघे पार गेले. गेल्या आठवड्यात म्हणाली, "आता तूच जा. जागा तुका म्हायत आसा." गेले की मी! दोन तास भटकले आणि लक्षात आलं, मला काहीच माहीत नाहीये. चिखलात घसरू नये म्हणून इतकी वर्षं मी फक्त आत्याच्या टाचा बघत चालले होते.

आता ही विकतची अळंबी घेऊन तिच्याकडेच निघालेय. ती विचारणार, "खंय गावली?"

मी सांगणार, "रानात."

तुमचंही झालंय का असं, कुणाच्या तरी टाचा बघत चालताना रस्ता बघायचाच राहून गेला?