सहावी परीक्षा

ती केस मला आजही आठवते, आणि दर वर्षी गाडीचा विमा भरायचा महिना आला की जरा जास्तच आठवते. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पोलीस स्टेशनला सब-इन्स्पेक्टर होतो. कुणाचंच नाव लिहिणार नाही. ज्यांच्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही, त्यांना नाना म्हणू.

नाना एकोणसत्तर वर्षांचे. मूळचे मालवणकडचे. एका गिरणीत तीस वर्षं मालकाची गाडी चालवली आणि निवृत्त होताना तिथलीच एक जुनी फियाट विकत घेतली. प्रॉव्हिडंट फंडातून मुलुंडला दोन खोल्या घेतल्या होत्या. बायकोला अर्धांगाचा झटका आलेला, म्हणून आठवड्यातून दोनदा तिला घाटकोपरच्या डॉक्टरकडे न्यायचं, एवढाच त्या गाडीचा प्रवास.

एका सकाळी बाजारात हातगाडी चुकवताना नानांच्या बंपरचा धक्का एका भाजीवाल्या मावशींना लागला. पाय मोडला. नानांनी स्वतःच त्यांना दवाखान्यात पोचवलं, तिथून सरळ पोलीस स्टेशनला आले आणि ठाणे अंमलदारासमोर उभे राहून म्हणाले, "माझ्याकडून झालं. लिहून घ्या." इतका सोयीचा आरोपी आमच्याकडे फार क्वचित येई.

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, लायसन्स आणि विम्याची कव्हर नोट ताब्यात घेतली. कव्हर नोट म्हणजे पॉलिसी तयार होईपर्यंत चालणारा दोन महिन्यांचा तात्पुरता कागद. नियमाप्रमाणे विमा कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं की या नंबरचं कव्हर नोटांचं पुस्तक आमच्या एजंटाकडून वर्षापूर्वीच बसमध्ये हरवलं आहे, तशी जाहीर सूचनाही दिली आहे, सबब कंपनी जबाबदार नाही. सोबत पुस्तक हरवल्याच्या पोलीस दाखल्याची प्रत होती. दाखला आमच्याच स्टेशनचा होता. खाली सही माझी होती.

याचा अर्थ सरळ होता. विमा नाही, तर मावशींची भरपाई नानांनी द्यायची, आणि नानांकडे त्या दोन खोल्यांखेरीज देण्यासारखं काही नव्हतं. शिवाय हरवलेल्या पुस्तकातला कागद त्यांच्या खिशात सापडला, म्हणून तो आला कुठून, हा प्रश्न आता त्यांनाच विचारायचा होता. नानांचं एकच म्हणणं होतं. कागद त्या एजंटानेच दिला.

एजंटाला बोलावलं. सफारी सूट, ब्रीफकेस, चेहऱ्यावर वर्षभर पुरेल एवढी नम्रता. आल्या आल्या त्याने ठाण्यासाठी शंकर-पार्वतीचं एक कॅलेंडर भेट दिलं आणि स्वतःच्या सत्कारांचे फोटो टेबलावर मांडले. उपनगरातल्या ज्येष्ठांच्या मंडळांनी त्याला इतक्या शाली दिल्या होत्या, की त्याला एखादं दुकान टाकता आलं असतं. जो माणूस न विचारता प्रमाणपत्रं दाखवतो, त्याच्याविषयी मला पहिल्यापासून शंका येते. पण शंकेवर चार्जशीट होत नाही.

दोघांना समोरासमोर बसवलं. नानांना विचारलं, कुठल्या तारखेला भेटलात? ते आधी दसरा म्हणाले, मग दिवाळी. पैसे कुठे दिले? गाडीत. कव्हर नोट कुठे लिहिली? "त्यांच्या ऑफिसात. मी बाहेर थांबलो." ऑफिस कुठे? नाना म्हणाले, "नाव नाय सांगता येत, साहेब."

एजंट हळहळला. "साहेब, देवमाणूस आहे हो. पण वय झालं. कुणीतरी फसवलं असणार, आणि नाव माझं आठवतंय. मी रागावत नाही."

त्या दिवशी केस डायरीत मी लिहिलं: 'वयोमानामुळे इसमाचे स्मरण अंधुक.'

नाना निघताना दारात थांबले. घर जाईल का, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "बायकोला कुठे नेऊ, एवढं सांगा."

खबर आली ती चार दिवसांनी, इस्त्रीच्या सुती साडीतून. निवृत्त मुख्याध्यापिका, वय सहासष्ट, स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या. नानांची बातमी त्यांच्या ज्येष्ठांच्या मंडळात पोचली होती. त्यांनी केबिनचं दार लावायला सांगितलं आणि पर्समधून एक कव्हर नोट काढून ठेवली. नंबर त्याच हरवलेल्या पुस्तकातला.

बाईंनी सांगितलं ते असं. एजंट म्हणायचा, पासष्टीनंतर कंपनी विमा देत नाही. द्यायचाच तर दुप्पट हप्ता आणि गाडी चालवायची परीक्षा. दर दोन महिन्यांनी एक. सलग सहा परीक्षा पास झालात की वर्षाची पॉलिसी. परीक्षा म्हणजे त्याला शेजारी बसवून तो सांगेल तसं न्यायचं. वाटेत तो बँकेचं काम उरकायचा, भाजी घ्यायचा, एकदा तर सासुरवाडीला जाऊन आला. शेवटी एका गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवायला लावायचा, 'परीक्षक साहेब आत बसलेत, निकाल घेऊन येतो' म्हणून आत जायचा आणि दहा मिनिटांनी कव्हर नोट आणायचा.

"पहिल्या परीक्षेनंतर मी पेढे वाटले," बाई म्हणाल्या. "अडतीस वर्षं मी परीक्षा घेतल्या, साहेब. मला कुणी परीक्षेला बसवलं की मी निमूट बसते, हे त्याने बरोबर ओळखलं."

तक्रार का नाही केली, हे मी विचारलं नाही. अडाणी माणूस फसला तर ओरडतो; शिकलेला फसला तर कागद घडी घालून पर्समध्ये ठेवतो. गल्ली कुठे, हे त्यांनाही सांगता येईना. परीक्षेच्या धास्तीने त्यांची नजर रस्त्यावरून हललीच नव्हती. दोनदाच गेल्या होत्या, दोन्ही वेळा घामाघूम.

नानांना विचारलं. ते पाच वेळा गेले होते.

मी नानांना विमा कंपनीच्या काउंटरवर घेऊन गेलो. पुन्हा गाडी रस्त्यावर आणायची तर विमा हवाच. काउंटरवरच्या बाईंनी इंजिन केवढं, गाडीची किंमत किती, एवढंच विचारलं. मी वयाचं काय म्हणून विचारलं, तर त्यांनी दरपत्रकाचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. त्यात गाडीचं वय होतं, माणसाचं नव्हतं. दुप्पट हप्ता नाही, परीक्षा नाही. वीस मिनिटांत नानांच्या हातात खरा कागद पडला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "मग परीक्षा कसली घेत होता तो?"

"ती आज घेऊ," मी म्हणालो.

रविवारी सकाळी नऊला फियाट मुलुंडहून निघाली. मी नानांच्या शेजारी, मागे आमचे हवालदार आणि दोन पंच. जप्त केलेलं लायसन्स वरिष्ठांच्या परवानगीने त्या दिवसापुरतं नानांना परत दिलं होतं. मी एवढंच सांगितलं की एजंट शेजारी बसलाय असं समजा आणि चला. वाटेत मी एक-दोन प्रश्न विचारले, तेव्हा पोलीस स्टेशनात हात जोडून बसणारे नाना समोर बघतच म्हणाले, "गाडी चलवताना माका बोलूक लावू नकात, सायबानू."

खात्यात मला इतक्या सभ्यपणे कुणी गप्प केलं नव्हतं.

भांडुप मागे पडलं. नाना डावी-उजवी न शोधता जात होते. मग कांजूरमार्गाच्या अलीकडे त्यांचा वेग कमी झाला, आणि एका सपाट रस्त्यावर गाडी थांबली. बाजूला पत्र्याची शेड आणि एक बंद गॅरेज. हवालदार माझ्या कानाशी पुटपुटले, "साहेब, राहू द्या आजोबांना." मलाही तेच वाटू लागलं होतं.

नाना गिअरच्या दांडीवर हात ठेवून बसले होते. "चढ खंय गेलो?" ते स्वतःशीच म्हणाले. मग मला समजेल असं सांगितलं. "साहेब, तो आत गेला की दहा मिनिटं मी हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय देऊन बसायचो. ह्या गाडीचा हँडब्रेक ढिला आहे. पाय भरून यायचा. तिथे चढ होता; इथे पाय मोकळा आहे. इथे नाही ते."

त्यांनी गाडी मागे घेतली, एक वळण आधीचं धरलं, आणि टेकडीच्या बाजूला वर चढणाऱ्या रस्त्यावर एका चिंचोळ्या गल्लीच्या तोंडाशी आणून उभी केली. हँडब्रेक ओढला. ब्रेकवर पाय दाबून धरला. "हीच."

गल्लीतली तिसरी खोली. घरमालकीण एजंटाला भाडेकरू म्हणून चांगलीच ओळखत होती. भाडं वेळेवर देतो म्हणून कौतुकही करत होती. वॉरंट नव्हतं, म्हणून कारणं लिहून, पंचांसमक्ष झडती घेतली. खोलीत एक खुर्ची, एक स्टोव्ह, 'परीक्षक' असा रबरी शिक्का आणि बसमध्ये हरवलेलं ते पुस्तक. प्रत्येक नोटेची कार्बन प्रत जागच्या जागी, एजंटाच्या अक्षरात. नानांचं नाव पाच वेळा. बाईंचं दोनदा. बाकी सगळे पासष्टीच्या पुढचे. ही माणसं गाडी कमी चालवतात, जपून चालवतात, दाव्याची वेळ येत नाही, आणि हप्ता खिशात घालणारा पकडला जात नाही. कंपनीच्या कुणा हुशार माणसाच्या जे लक्षात आलं नव्हतं, ते एजंटाने ओळखलं होतं: म्हातारा ड्रायव्हर हा धोका कमी आणि भित्रा जास्त.

पुस्तक एजंटाच्याच ताब्यात होतं, हे सिद्ध झालं. हरवलेल्या कागदाची जबाबदारी कंपनी झटकू शकते. स्वतःच्या एजंटाने लिहून दिलेल्या कागदाची नाही.

त्याच संध्याकाळी पाच वाजता बाईंच्या मंडळाने एजंटाचा सत्कार ठेवला होता. 'ज्येष्ठांचा आधारवड' असा फलकही रंगवून झाला होता. मला मंचावर जायची हौस नव्हती. मी दाराशी थांबलो. प्रमुख पाहुणे अर्धा तास स्वतःविषयी बोलले. मग अध्यक्ष म्हणून बाई उठल्या. एजंटाने शालीसाठी मान पुढे केली आणि त्याच क्षणी त्याला मी दिसलो. माझ्या शेजारी नाना उभे होते.

बाईंनी शाल घडी घालून टेबलावर ठेवली. माइक सुरूच होता.

"जा," त्या म्हणाल्या. "साहेब बाहेर थांबलेत. निकाल घेऊन या."

सभागृहात त्याच्या परीक्षांना बसलेले अकरा जण होते. मग मागच्या रांगेतून एक टाळी आली, आणि नंतर इतक्या टाळ्या झाल्या, की त्या मंडळात एवढ्या पूर्वी कुठल्याच सत्काराला झाल्या नसाव्यात. अकराही जणांनी त्याच आठवड्यात जबाब दिले.

एजंटाला शिक्षा झाली. भरपाई कंपनीने भरली आणि मावशी वर्षभरात पुन्हा आपल्या जागेवर बसल्या. नानांना भाजी पैसे घेऊनच देत, पण वजनात मोकळा हात ठेवत. अपघाताबद्दल नानांनी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. दोन खोल्या त्यांच्याच राहिल्या.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. आम्ही नानांना लाकडी खुर्चीवर बसवून तारखा विचारत होतो, आणि त्यांची आठवण तिथे नव्हतीच. ती त्यांच्या उजव्या पायात होती. त्यानंतर सुताराला मी त्याच्या रंध्याजवळ विचारलं, स्वयंपाकिणीला ओट्याजवळ, आणि बहुतेक वेळा उत्तर मिळालं. आता मी स्वतः नानांच्या त्या वेळच्या वयापलीकडे गेलो आहे. तारखा विचारल्या तर मीही दसरा आणि दिवाळी करीन.

केस डायरीत लिहिलेलं खोडता येत नाही. 'स्मरण अंधुक' हे माझं वाक्य तसंच राहिलं. रविवारी रात्री त्याच डायरीत पुढची नोंद केली: 'सदर इसमाने कोणताही पत्ता न विचारता घटनास्थळ दाखविले. एकदा रस्ता चुकला, तो स्वतःच दुरुस्त केला. सहावी परीक्षा पास.'

शेवटचे तीन शब्द नियमात बसत नव्हते. वरिष्ठांनी त्यांखाली लाल रेघ मारली, आणि खाली सही केली.