नवसाचा कोंबडा

लग्न होऊन मी सांगलीहून मेढ्याकडच्या डोंगरातल्या गावात आले, तेव्हा लढाई चालू होती. बाराव्या दिवशी हे पलटणीत परत गेले. घरात सासूबाई, मी आणि परसात आठ-दहा कोंबड्या. त्यांच्यातला तांबडा कोंबडा फक्त माझ्या अंगावर यायचा.

सासूबाई समोरून गेल्या तर तो बाजूला व्हायचा. मी शेणाची पाटी घेऊन निघाले की मान फुगवून, एक पंख जमिनीला घासत यायचा आणि पोटरीवर झेप घ्यायचा. माहेरून आणलेली हळद मी त्या जखमांवरच संपवली. शेजारणी म्हणाल्या, तुझं लुगडं तांबडं म्हणून. मी हिरवं नेसले, तरी आला. एकीनं सांगितलं पळू नकोस, दुसरीनं सांगितलं थांबू नकोस.

शेवटी मी सासूबाईंना म्हणाले, एकदा कापून टाका त्याला. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्यो कापायचा न्हाई. पोरगं सुखरूप आलं की देवाला द्यायचा हाय. बोललीया मी तसं."

तेव्हापासून माझा गोंधळच झाला. तो टोचला की मनात यायचं, मरो मेला. आणि लगेच ते मनातल्या मनात मागं घ्यायची, कारण तो आधीच मेला तर नवसाचं काय, आणि यांचं काय?

एका सकाळी त्यानं पोटरी चांगलीच फाडली. मी घोंगडं टाकून त्याला दाबला आणि काखेत धरला. आता सोडायचीही भीती आणि धरून ठेवायचीही. म्हणून तसाच काखेत घेऊन एका हातानं परस झाडलं. त्याचं काळीज माझ्या बरगडीवर धडधडत होतं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या वाटेला गेला नाही. महिनाभर शांत राहिला आणि मग पुन्हा यायला लागला. माझं काय बरोबर झालं होतं आणि काय चुकलं, कळेना.

लढाई संपली, आणि पुढच्या थंडीत हे ट्रंक खांद्यावर घेऊन दारात आले. कोंबडा सरळ त्यांच्यावर धावला. ट्रंक खाली पडली. हे भिंतीला पाठ लावून उभे राहिले, चेहरा पांढराफटक. इतकी वर्षं लढाईत काढलेला माणूस! मी पुढं होऊन कोंबड्याला उचललं.

रविवारी देवाला जायचं ठरलं. हे आईला म्हणाले, राहू दे त्याला, मी आलोय ना. सासूबाई म्हणाल्या, आलास म्हणूनच द्यायचा. मग हे माझ्याकडे वळले. "तू सांग. तुलाच त्रास झालाय त्याचा."

त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं, आणि मला उत्तरच सापडेना. सासूबाईंनी माझं गप्प बसणं म्हणजे होकारच धरला.

देवळापर्यंत मीच त्याला काखेत नेलं, कारण दुसऱ्या कुणाला तो धरू देत नव्हता. वाटभर त्यानं हूं की चूं केलं नाही.

दुपारी हे नुसत्या भाकरीवर उठले. सासूबाईंनी माझ्या ताटात कोंबड्याचा रस्सा वाढला, मग पुन्हा वाढला. मी नको म्हणाले नाही. रडत होते आणि जेवत होते, आणि जेवण मला गोड लागत होतं.