बिननावाची अकरा

उदाराम वल्द कवडू, वय अंदाजे बेचाळीस, हुद्दा कोतवाल, मुक्काम केशोरीच्या अलीकडचं एक खेडं, जिल्हा भंडारा. साक्षरता : नाही. कर्तव्य : गावातील प्रत्येक जन्म व मृत्यूची खबर दर आठवड्यास ठाण्यात देणे. म्हणजे गावात कोण आलं नि कोण गेलं, याबाबत सरकारचा एकमेव जाणकार माणूस हाच.

छप्पन सालच्या हिवाळ्यात नागपूरहून कुंदाबाई आल्या. बालमृत्यूंवर त्यांचा प्रबंध चालला होता. ठाण्याच्या नोंदीप्रमाणे या गावात तीन वर्षांत चारच तान्ही मुलं गेली होती. आकडा इतका चांगला होता की बाईंना संशय आला. आता त्या घरोघरी जाऊन आयांना विचारणार होत्या, आणि घरं दाखवायला सोबत उदाराम.

दोन दिवस त्याला भात गोड लागेना.

"काऊन एवढे भेऊन राहिले?" बायको रुख्मा म्हणाली. "तुमी मारले का त्याइले?"

"मारले नाही. पन लिहवले बी नाही. कोतवाली गेली त खाशीन काय?"

घोळ असा होता. ज्या घरातलं एक लेकरू गेलं, त्या घरात पुढच्याचं नाव वर्षभर ठेवायचं नाही, हा गावचा रिवाज. नाव ठेवलं की मरणाला घर सापडतं. मरणाला ते तसंही सापडे. असं पहिलं मरण उदारामने ठाण्यात सांगितलं, तेव्हा तिथल्या मुन्नालाल मोहर्रीरने, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या कारकुनाने, टाक दौतीत बुडवून विचारलं, "नाम?"

"ठेवलं नाही जी."

"नाम नहीं तो मरा कौन? खाना खाली नहीं रख सकते. नाम लेकर आओ." वहीतल्या नावाच्या रिकाम्या रकान्यावर त्याने बोट आपटलं.

उदाराम तीन कोस चालत परत आला. पुरलेल्या लेकराचं बारसं कर, असं त्या आईला सांगायला त्याची जीभ रेटली नाही. तेव्हापासून बिननावाची मरणं त्याने ठाण्यापर्यंत नेलीच नाहीत.

पहिल्या चार घरी बायांनी जिती लेकरंच तेवढी मोजून दाखवली. उदारामचा जीव जरासा खाली बसला. पाचवं घर देवकाबाईचं.

"तीन गेले, बाई," ती म्हणाली. "हा उभा हाये ना, यानंच त पुरले. इचारा त्याले."

कुंदाबाईंनी मान वळवली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं जी."

"असे आणखी किती?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण देवकाबाई बघत होती.

"सारे मिळून अकरा," उदाराम म्हणाला, आणि सांगत सुटला. टिकारामचा पोरगा, धानकापणीच्या वक्ती, आठ दिवसांचा, धनुर्वात. भैयालालची पोरगी, मोहफुलांच्या दिवसांत, हगवण. कागद नाही, चिटोरं नाही. कुंदाबाईंची पेन्सिल मागे पडू लागली.

"जरा हळू सांगा."

अकरावं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "माही कोतवाली त नाही जाणार, बाई?"

"मी कोणाचंही नाव लिहिणार नाही," बाईंनी शब्द दिला आणि पाळलाही. गावाचं नाव देऊन त्यांनी नुसतं 'तेथील कोतवाल' एवढंच लिहिलं. गावात कोतवाल एकच होता.

प्रबंधाची प्रत फिरत फिरत तहसिलीत पोहोचली. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल उदारामला चार महिने कामावरून दूर केलं. बदली माणूस नेमला नाही. त्या चार महिन्यांच्या तक्त्यात गावाचे बालमृत्यू शून्य, आरोग्यमान समाधानकारक.

मेली तिघं.