सहा फ्रेम आणि चौकटीतलं नाव

"कोट्यातून शिकलं की असंच व्हतं," मालक म्हणाले आणि ड्रॉइंगचा कागद माझ्या पायाशी फेकला.

वसमतच्या त्या कारखान्यात हळद पॉलिश करायची यंत्रं बनतात. समोर सहा नव्या फ्रेम उभ्या होत्या. सहाही फ्रेमना मोटरची प्लेट उलट्या बाजूला जोडलेली. उजवीकडं पाहिजे, ती डावीकडं. सगळे कामगार हातातलं काम सोडून बघत होते. मालकाचा पुतण्या सौरभ बाजूला उभा होता. तो म्हणाला, "जयंतीची सुट्टी पाह्यजे ह्यायला. कामात ध्यान न्हाई."

त्याचा तो आवाज आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

सौरभ पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला. कॉम्प्युटरवर यंत्राचं थ्रीडी मॉडेल बनवायचा. रंगीत, गरगर फिरणारं. गिऱ्हाईक खूश. पण मॉडेल बघून पत्रा कापता येत नाही. फिटरला कागद लागतो. समोरून कसं दिसतं, बाजूनं कसं, भोक कुठं, माप किती. तो कागद मी काढायचे. आयटीआयला ड्राफ्ट्समनचं शिकलेली मी. मॉडेलवरून कागदावर उतरवलं की आधी रेषांचा नुसता गुंता येतो. एकावर एक चढलेल्या रेषा पुसायच्या, मागच्या बाजूच्या भोकांच्या तुटक रेषा ठेवायच्या, मापं एकमेकांत घुसू द्यायची नाहीत. सौरभ याला साफसफाई म्हणायचा. "तुमच्या लोकायला हे बराबर जमते," असं एकदा हसत म्हणाला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कागदाच्या कोपऱ्यात चौकट असते. काढणाऱ्याचं नाव तिथं लिहितात. मी माझं लिहायचे, सौरभ ते काढून स्वतःचं टाकायचा. विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाईक आडनाव वाचते. उगं तकलीफ काहून?" मी तीन वर्षं गप्प बसले. नोकरी जाईल ही भीती. तिकडं गावी, पुसेगावात, आई सगळ्यांना सांगायची, माझी पोरगी मशिनीचे नकाशे काढते.

आंबेडकर जयंतीला मी सुट्टीवर होते. त्या दिवशी सौरभनं कागद स्वतःच काढला. आपल्याकडं यंत्र उजव्या बाजूनं जसं दिसतं ते चित्र डावीकडं काढायची रीत आहे. सॉफ्टवेअरनं ते उजवीकडं टाकलं. यानं बदललं नाही. वर तुटक रेषाही बंद केल्या, कागद देखणा दिसावा म्हणून. त्या असत्या तर फिटरला घोळ कळला असता. फिटरनं रीतीप्रमाणं उजवीकडचं चित्र डाव्या बाजूचं समजून वाचलं आणि प्लेट उलटी बसली.

"लिहून दे, चूक माझी म्हणून," मालक म्हणाले.

त्या फ्रेम जोडणारे फिटर शेखचाचा पुढं आले. "सेठ, ये कागज पोरीका नै. उसके कागज पे तुटक रेघा रहते."

"तुमी तुमचं काम करा."

मी वाकले. मी पाया पडते आहे असंच सगळ्यांना वाटलं असेल. मी कागद उचलला आणि त्याचा कोपरा मालकांच्या डोळ्यांपुढं धरला.

"वाचा मालक. काढणाऱ्याचं नाव कोणाचं हाय?"

सौरभ कागद ओढायला लागला. मी सोडला नाही.

"तीन वर्षं एकबी कागद माझा नव्हता," मी म्हणाले. "आज काम नासलं तर माझा झाला व्हय?"

"लई बोलून राहिली," मालक म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

"येणार न्हाई. अन् लिहूनबी देणार न्हाई."

हिंगोलीच्या गाडीत बसले तेव्हा मनात संताप होता. आणि भीतीही. खोटं कशाला सांगू?

सौरभ अजून तिथंच आहे. त्याच्याकडून कोणी काही लिहून घेतलं नाही. मी सेनगावात एका खोलीत कॉम्प्युटर टाकलाय. कामं थोडीच येतात. मागच्या महिन्यात एक कारखानदार चांगलं मोठं काम घेऊन आला. म्हणाला, "ताई, नावाची जागा तेवढी कोरी ठेवा." परवडत नव्हतं, तरी मी काम परत केलं. पुन्हा कोणी म्हणालं तर पुन्हा परत करीन. मी काढलेला कागद माझ्या आडनावासकट जाईल, नाहीतर जाणार नाही.